टीव्हीतल्या मुंग्या कुठे गेल्या?

२३ ऑक्टोबर २०१२, मंगळवार. रात्री साडेअकराच्या सुमाराला उत्तर आयर्लंडमध्ये ब्रिटनचं शेवटचं ॲनालॉग टीव्ही प्रक्षेपण बंद झालं. त्यासाठी छोटा समारंभ झाला. १९७२च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक मिळवलेल्या मेरी पीटर्स यांना खास बोलावलं होतं. १९७४पासून टीव्हीच्या पडद्यावर बातम्या आणि हवामान लिहून दाखवणारी बीबीसीची ‘सीफॅक्स’ ही सेवाही त्याच रात्री संपली. पाच वर्षं चाललेलं काम पार पडलं होतं.

साधारण आठवड्याने, ३१ ऑक्टोबरच्या बुधवारी, मध्यरात्री मुंबई आणि दिल्लीतल्या केबलवरचे ॲनालॉग सिग्नल बंद करायची मुदत संपली. इथे समारंभ वगैरे काही नव्हता. ज्यांच्याकडे सेट-टॉप बॉक्स होता त्यांचा टीव्ही चालू राहिला, आणि ज्यांच्याकडे नव्हता त्यांच्या पडद्यावर एकेक चॅनेल जायला लागलं. दिवाळी दोन आठवड्यांवर आलेली, आणि केबलवाल्याचा फोन सतत बिझी!

तुमचं वय आज विशीच्या आसपास असेल, तर यातलं फारसं काही आठवणार नाही. लहान असताना एक दिवस कुणीतरी टीव्हीच्या वर किंवा खाली एक काळा डबा ठेवून गेलं, एवढंच कदाचित डोळ्यांसमोर येईल. पण त्या डब्याने घरातली एक मोठी गोष्ट बदलली. टीव्ही बिघडला तर काय करायचं, हे तोपर्यंत घरातल्या प्रत्येकाला थोडंफार कळत होतं. त्यानंतर ते कळेनासं झालं. हा लेख त्या बदलाचा आहे.

‘आलं का?’ ‘आलं! नाही, गेलं!’

भारतात टीव्ही सुरू झाला तो दिल्लीत, १५ सप्टेंबर १९५९ रोजी, प्रयोग म्हणून. मुंबईला यायला त्याला तेरा वर्षं लागली. २ ऑक्टोबर १९७२ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे पुण्यात चित्र दिसायला लागलं. १९८२मध्ये दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या निमित्ताने रंग आले. १९८४च्या सुमाराला देशभर छोटी प्रक्षेपण केंद्रं इतक्या झपाट्याने उभी राहिली, की तालुक्याच्या गावांतल्या कौलांवरही ॲल्युमिनियमच्या काड्या उगवल्या.

या काड्या म्हणजे अँटेना. तो मनोऱ्याच्या दिशेने रोखलेला असावा लागे. वारा आला, कावळा बसला, पतंग अडकला की दिशा बदलायची. मग एकाने गच्चीवर चढायचं, दुसऱ्याने खिडकीत उभं राहायचं, तिसऱ्याने टीव्हीसमोर बसायचं. वरून ‘आलं का?’ आणि खालून ‘आलं! नाही, गेलं! परत थोडं मागे!’ असा संवाद चाले. मनोऱ्यापासून लांब राहणारे लोक उंच पाइप लावत, त्यावर बूस्टर बसवत.

चित्र नीट येत नसेल तर पडद्यावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची वळवळ दिसायची. त्याला आपण ‘मुंग्या’ म्हणायचो. मराठीने या शब्दावर बाहेरून काही उसनं घेतलं नाही. जे दिसलं त्याला नाव दिलं. टीव्हीचा रिसीव्हर सिग्नल शोधत असतो. तो सापडला नाही, की आसपासच्या सगळ्या विद्युत गोंगाटालाच तो चित्र समजून दाखवतो. शेजारच्या स्कूटरची ठिणगी, मिक्सर, वातावरणातली वीज, खुद्द टीव्हीच्या आतले इलेक्ट्रॉन, सगळ्यांचा त्यात वाटा. त्यातला अगदी थोडासा भाग तर विश्वाच्या सुरुवातीच्या काळापासून उरलेल्या प्रारणाचा असतो. म्हणजे मालिका दिसत नसताना आपले आजी-आजोबा काही प्रमाणात महास्फोटाचा मागमूस बघत बसलेले असायचे!

मुंग्यांमध्ये माहिती होती, आणि ती वाचता यायची. थोड्या मुंग्या म्हणजे अँटेना जरासा हलला. एका माणसाच्या बाजूला त्याचीच फिकट सावली दिसली, तर सिग्नल एखाद्या इमारतीवर आपटून दोनदा येतोय. चित्र वर वर सरकत राहिलं तर मागचा एक खुंटा फिरवायचा. नुसताच आवाज आला, चित्र नाही, तर बातम्या ऐकून घ्यायच्या. बिघाडाला पायऱ्या होत्या आणि प्रत्येक पायरीवर काहीतरी करून बघता येत होतं. टीव्हीच्या डोक्यावर थाप मारणं हाही एक उपाय होता, आणि तो कधी कधी लागूही पडे, कारण आतला एखादा सांधा सैल झालेला असायचा.

ट्यूनिंग हा याच घरगुती विद्येचा भाग. जुन्या सेटवर ‘टक टक’ आवाज करत फिरणारं चक्र होतं. नंतरच्या सेटवर एका झाकणाखाली आठ किंवा बारा बटणं आली, प्रत्येकामागे एक इवलीशी चकती. आधी बँड निवडायचा, मग चकती नखाने अगदी हळू फिरवत जायची. मुंग्यांमधून एखादा चेहरा वर यायचा, आवाज खरखरत साफ व्हायचा, आणि तिथे थांबायचं. केसभर पुढे गेलं की आवाज गेला. हे काम घरातल्या एका ठरावीक व्यक्तीचं असे, आणि तिचा मान असे.

वायर आली

१९९१च्या आखाती युद्धाच्या वेळी मोठ्या हॉटेलांत सीएनएन दिसायला लागलं. त्याच वर्षी स्टार टीव्ही आला, आणि २ ऑक्टोबर १९९२ला झी टीव्ही. उपग्रहावरून येणारे हे चॅनेल पकडायला मोठी तबकडी लागे. ती गल्लीतला एखादा होतकरू तरुण गच्चीवर बसवायचा आणि तिथून इमारती-इमारतींवरून वायर टाकायचा. हा केबलवाला. त्याच्या धंद्याला लागू होणारा कायदा १९९५मध्ये आला, तेव्हा वायरी टाकून काही वर्षं झाली होती.

केबलच्या एका वायरमध्ये जागा किती? ॲनालॉग पद्धतीत एका चॅनेलला सात-आठ मेगाहर्ट्झ रुंदीची पट्टी लागते. अशा पट्ट्या एकाशेजारी एक लावत गेलं, की ऐंशी-शंभर चॅनेलच्या आसपास वायर भरते. त्यातही सगळ्या जागा सारख्या नसतात. सुरुवातीच्या पट्ट्या जुन्यातल्या जुन्या टीव्हीलाही दिसत. वरच्या ‘हायपरबँड’मधले चॅनेल पकडायला नवा टीव्ही लागे. म्हणून कोणता चॅनेल कुठे ठेवायचा, याला किंमत आली. आपला चॅनेल चांगल्या जागी दिसावा म्हणून चॅनेलवाले केबल कंपन्यांना पैसे देऊ लागले. त्याला धंद्यात ‘कॅरेज फी’ म्हणत. दुकानात समोरच्या फळीवर माल ठेवायचे पैसे द्यावेत, तसाच हा प्रकार.

याचा परिणाम घरात दिसायचा. रात्री सात नंबरवर असलेला चॅनेल सकाळी छत्तीसवर गेलेला असे. त्याच्या जागी कुठलासा नवाच चॅनेल. मग रिमोटवर ‘ऑटो सर्च’ दाबायचं, टीव्ही शून्यापासून सगळ्या पट्ट्या पुन्हा चाळायचा, आणि जे सापडेल ते नव्या क्रमाने लावून ठेवायचा. घरातल्या मोठ्या माणसांनी वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलेली यादी एका मिनिटात रद्द. पण तरीही टीव्ही आपला होता. चॅनेल हलला तर तो शोधता येत होता, आणि शोधलेला पाहिजे त्या नंबरवर ठेवता येत होता. मुलांनी कार्टूनचे चॅनेल एका रांगेत लावले, आजोबांनी बातम्यांचे लावले, असं चालायचं.

केबलवाल्याला देवमाणूस करायची गरज नाही. त्याच्या वायरीवर पाचशे घरं असली, तर तो वर शंभर-दीडशेच आहेत असं सांगायचा. चॅनेलला द्यायचे पैसे वाचायचे, सरकारचा करमणूक कर वाचायचा. कोणत्या घरात काय बघितलं जातं, हे ॲनालॉग वायरीत मोजायची सोयच नव्हती. मोजता येत नाही म्हणून चॅनेलवाले चिडलेले, कर बुडतो म्हणून सरकार चिडलेलं, आणि न बघितलेल्या चॅनेलचेही पैसे द्यावे लागतात म्हणून काही ग्राहकही चिडलेले. डब्याचा जन्म या तिहेरी चिडचिडीतून झाला.

मुदत, मुदतवाढ, मुदत

पहिला प्रयत्न होता ‘कॅस’चा. कल्पना अशी, की पैसे देऊन बघायचे चॅनेल फक्त डब्यातूनच दिसतील, आणि हवे तेवढेच निवडता येतील. २००३मध्ये चारही महानगरांत ती सुरू व्हायची होती. प्रत्यक्षात १ सप्टेंबर २००३ला फक्त चेन्नईत सुरू झाली, बाकी ठिकाणी बारगळली. मग दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ३१ डिसेंबर २००६ला मुंबई, दिल्ली आणि कोलकात्याच्या काही भागांत ती आली. मुंबईत दक्षिण मुंबईचा वाटा आला. मोफत चॅनेलसाठी महिना ७७ रुपये आणि प्रत्येक सशुल्क चॅनेलला जास्तीत जास्त ५ रुपये, असे दर ‘ट्राय’ने ठरवून दिले होते. एका शहरात रस्त्याच्या या बाजूला डबा, त्या बाजूला डब्याशिवाय सगळं चालू. हे फार पुढे गेलं नाही.

दुसरा प्रयत्न जास्त कडक होता. ऑगस्ट २०१०मध्ये ट्रायने केबल पूर्ण डिजिटल करण्याची शिफारस केली. २०११च्या ऑक्टोबरमध्ये वटहुकूम आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. चार टप्पे ठरले. पहिला टप्पा चार महानगरांचा, ३० जून २०१२पर्यंत. ती तारीख टळून ३१ ऑक्टोबर झाली. दुसरा टप्पा अडतीस शहरांचा, ३१ मार्च २०१३पर्यंत. त्यात महाराष्ट्रातली नऊ शहरं होती: पुणे, पिंपरी-चिंचवड, ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई, नाशिक, नागपूर, सोलापूर आणि तेव्हाचं औरंगाबाद. तिसरा टप्पा उरलेल्या शहरी भागाचा, ३१ डिसेंबर २०१५. चौथा म्हणजे गावं, ३१ डिसेंबर २०१६, आणि ती मुदत पुढे ३१ मार्च २०१७ झाली.

प्रत्येक तारखेच्या आधी तेच नाटक. टीव्हीवर खाली पट्टी फिरायची: ‘तुमचा सेट-टॉप बॉक्स लगेच बसवून घ्या.’ मग बातमी यायची, की बॉक्सचा तुटवडा आहे. मग कुणीतरी कोर्टात जायचं. चेन्नईत प्रकरण कोर्टात गेलं आणि तमिळनाडू सरकारच्या स्वतःच्या केबल कंपनीचा डिजिटल परवाना कित्येक वर्षं अडकून राहिला. पश्चिम बंगाल सरकारने घाई नको म्हणून विरोध केला. तिसऱ्या टप्प्याच्या वेळी निरनिराळ्या उच्च न्यायालयांतून मुदतवाढी मिळाल्या. ज्यांनी घाबरून आधीच पैसे भरले त्यांना आपण फसलो असं वाटलं, आणि ज्यांनी वाट पाहिली त्यांना आपण हुशार वाटलो. तारीख पुढे जाते हा धडा लोक शिकले, आणि पुढच्या तारखेला त्यामुळेच गोंधळ झाला.

दोन रिमोट

डबा बसला की त्रास संपेल अशी अपेक्षा होती. पण खरं रिट्यूनिंग तिथून सुरू झालं, आणि ते करायचं होतं माणसांनी.

पहिली अडचण म्हणजे दोन रिमोट. टीव्हीचा रिमोट आता फक्त टीव्ही चालू करायला आणि ‘एव्ही’ निवडायला. चॅनेल बदलायचा डब्याच्या रिमोटने. आवाज दोन्हीने कमी-जास्त होतो, आणि दोन्ही आवाज वेगवेगळे. वर्षानुवर्षं एका हातवळणाने चाललेलं काम दोन हातांत विभागलं गेलं. सवयीने टीव्हीच्या रिमोटवर नंबर दाबला, की टीव्ही डब्याला सोडून स्वतःचे जुने चॅनेल शोधायला जायचा. तिथे आता काहीच नव्हतं. निळा पडदा आणि ‘नो सिग्नल’.

ज्या घरांत मुलं नोकरीला लांब होती, तिथे हा निळा पडदा दुपारी दोनला आला की संध्याकाळपर्यंत तसाच राहायचा. मग फोन.

“अरे, टीव्ही बंद पडला बघ.”

“आई, एव्ही दाबलंस का?”

“कुठल्या रिमोटवर?”

“मोठ्या. टीव्हीच्या.”

“त्याच्यावर इंग्रजीत काय काय लिहिलंय. थांब, चष्मा आणते.”

असा फोन ज्यांनी केला किंवा घेतला नाही, अशी घरं महाराष्ट्रात थोडीच असतील. यात हसू येतं, पण हसून सोडून देण्यासारखं ते नाही. ज्या बाईने वीस वर्षं कुणाला न विचारता आपला टीव्ही लावला, अँटेनाच्या दिवसांत मुलांना गच्चीवर पिटाळलं, तिला आता स्वतःच्या घरात, स्वतःच्या वस्तूसाठी परवानगी मागितल्यासारखा फोन करावा लागत होता. दोन-तीनदा मुलगा वैतागला की ती फोन करणं बंद करायची. निळ्या पडद्याला टीव्ही बंद करणं हेच उत्तर उरायचं.

दुसरी अडचण नंबरांची. डब्यावर चॅनेल तीन किंवा चार आकड्यांचे झाले. मराठी एका गटात, बातम्या दुसऱ्या गटात. क्रम कंपनी ठरवणार. पूर्वी चॅनेल हलला तरी आपण तो आपल्या नंबरवर आणून ठेवू शकत होतो. आता तो मुळात आपला नंबरच नव्हता. ‘फेवरिट’ नावाची सोय होती, पण ती मेनूच्या चौथ्या पायरीवर, इंग्रजीत.

तिसरी अडचण मुंग्यांची, म्हणजे त्या नसण्याची. डिजिटल चित्रात सिग्नल कमी झाला तरी बराच वेळ काही कळत नाही, कारण हरवलेले आकडे डबा गणित करून भरून काढतो. एका मर्यादेपर्यंत चित्र लख्ख असतं. ती मर्यादा ओलांडली की एकदम चौकोन चौकोन, आवाज तुटक, आणि मग काळा पडदा. अभियंते याला कड्यावरून कोसळण्याची उपमा देतात. ॲनालॉग हा उतार होता, त्यावरून घसरताना सावरता यायचं. कड्यावरून पडताना सावरता येत नाही. ‘जरा मागे, जरा पुढे’ याला काही अर्थ उरला नाही. डबा बंद करून चालू करा, एवढाच एक मंत्र, आणि तो चालला नाही तर केबलवाला.

चौथी अडचण पैशांची आणि बांधिलकीची. डब्याला साधारण हजार-बाराशे रुपये पडत होते. घरात दोन टीव्ही तर दोन डबे. शिवाय एका कंपनीचा डबा दुसऱ्या कंपनीच्या वायरीवर चालत नव्हता. केबल बदलली की डबा कचरा. एकच डबा सगळीकडे चालावा यासाठी ट्रायने शिफारस केली ती २०२०च्या एप्रिलमध्ये, तोपर्यंत देशभर घरोघरी डबे बसून झाले होते. त्यात अर्ज भरायची भानगड. पहिल्या टप्प्यातल्या शहरांत २०१३मध्ये, ज्यांचे ग्राहक-अर्ज आले नाहीत त्यांचे सिग्नल तोडायचे आदेश निघाले. पैसे भरलेत, डबा बसलाय, मालिका चालू आहे, आणि एका कागदासाठी पडदा काळा!

त्यांच्याकडे कसं झालं

हा सगळा गोंधळ खास आपला, असं समजायचं कारण नाही. श्रीमंत देशांतही लोक असेच वैतागले होते.

ब्रिटनमध्ये १९९७च्या मार्चमध्ये ‘चॅनेल फाइव्ह’ सुरू झाला, तेव्हा त्याला मिळालेली फ्रिक्वेन्सी नेमकी तीच निघाली, जिच्या आसपास लोकांचे व्हिडिओ रेकॉर्डर टीव्हीला सिग्नल देत. दोघांची टक्कर होणार होती. शेवटी चॅनेलने स्वखर्चाने माणसं नेमली आणि त्यांनी लाखो घरांत जाऊन व्हिडिओ रेकॉर्डर पुन्हा ट्यून करून दिले. नवा चॅनेल आम्ही आणतोय, तर त्याचा त्रासही आम्हीच निस्तरू, हा परवाना देतानाच ठेवलेला हिशोब होता.

डिजिटलच्या वेळी एवढं सोपं नव्हतं. ३० सप्टेंबर २००९ला तिथल्या सुमारे १ कोटी ८० लाख घरांना एकाच दिवशी आपापले डबे रिट्यून करायला सांगितलं गेलं, कारण चॅनेल एका वाहिनीगटातून दुसऱ्यात हलवले जात होते. डिजिटल पद्धतीत एकाच फ्रिक्वेन्सीवर अनेक चॅनेलचा गठ्ठा येतो. कोणता चॅनेल कोणत्या गठ्ठ्यात आहे, याची यादी डबा आपल्या स्मृतीत ठेवतो. गठ्ठे बदलले की यादी शिळी होते, म्हणून पुन्हा शोध घ्यावा लागतो. त्या दिवशी काही लाख घरांतून रिट्यून केल्यावर आयटीव्ही ३ आणि आयटीव्ही ४ गायबच झाले. सूचना पाळली म्हणून चॅनेल गेला! लोक संतापले नसते तरच नवल.

अमेरिकेत शेवटची तारीख १७ फेब्रुवारी २००९ होती. सरकार प्रत्येक घराला डब्यासाठी चाळीस डॉलरची दोन कूपनं देणार होतं, पण जानेवारीतच पैसे संपले आणि तारीख १२ जूनवर गेली. त्या एका दिवशी सरकारी मदत केंद्रावर तीन लाखांहून अधिक फोन आले. कित्येकांची अडचण फक्त ‘पुन्हा स्कॅन करा’ एवढ्यावर सुटली. काही डब्यांत तर एकदा स्कॅन करून भागत नसे. अँटेना काढून एकदा स्कॅन करायचं, म्हणजे जुनी यादी पुसली जाते, आणि मग अँटेना लावून दुसऱ्यांदा.

फरक होता तो वेगळ्याच ठिकाणी. ब्रिटनने एक एक भाग करत, २००७मधल्या व्हाइटहेवन या छोट्या गावापासून सुरुवात करून, पाच वर्षं घेतली. ७५ वर्षांवरच्या लोकांसाठी आणि अपंगांसाठी खास योजना होती. त्यात माणूस घरी येऊन डबा बसवून द्यायचा, तो कसा वापरायचा हे दाखवायचा, नंतरही मदत मिळायची. बऱ्याच जणांना त्यासाठी चाळीस पौंड भरावे लागत, गरिबांना काहीच नाही. वृद्ध माणसाला रिमोट समजावून सांगणं हे काम आहे, त्याला वेळ आणि पैसा लागतो, हे तिथे आधी मान्य केलं गेलं.

आपल्याकडे हे काम झालं नाही असं नाही. ते झालं, पण ते कुणाच्या खात्यावर लिहिलं गेलं नाही. केबलवाल्याकडच्या पोराने जिने चढून एव्हीचं बटण दाखवलं. शेजारच्या दहावीतल्या मुलीने डब्याच्या रिमोटवर नेलपेंटने खूण करून दिली. सुट्टीत आलेल्या नातवाने नवी यादी लिहून भिंतीवर चिकटवली. संपूर्ण देशाचं डिजिटलीकरण या फुकटच्या श्रमावर उभं आहे.

पुन्हा शोधा

आणि ते एकदाच करून संपलं नाही. २०१९च्या सुरुवातीला ट्रायचे नवे दरनियम लागू झाले. शंभर साध्या चॅनेलसाठी १३० रुपये, करासह १५३ रुपये ४० पैसे, आणि त्यावर निवडाल त्या चॅनेलचे पैसे वेगळे. कल्पना चांगली, ‘कॅस’चीच जुनी. पण शेकडो चॅनेलच्या यादीतून प्रत्येक घराने आपली निवड कळवायची होती. आधी ३१ जानेवारी, मग ३१ मार्च, अशी मुदत पुन्हा हलली. ज्यांनी काहीच कळवलं नाही, त्यांना कंपन्यांनी आपल्या अंदाजाने पॅकेज लावून दिलं. यावेळी निळा पडदा नव्हता. ‘हा चॅनेल तुमच्या पॅकमध्ये नाही’ अशी पाटी होती.

गावात वेगळंच. महिन्याचे पैसे नकोत म्हणून असंख्य घरांनी दूरदर्शनची ‘फ्री डिश’ लावली होती. डिसेंबर २००४मध्ये सुरू झालेली ही सेवा आज चार कोटींहून अधिक घरांत असल्याचा अंदाज आहे. तिच्यावरच्या खासगी चॅनेलच्या जागांचा लिलाव होतो. लिलाव झाला की चॅनेल बदलतात, आणि डबा रिट्यून करावा लागतो. १ मार्च २०१९ला मोठ्या कंपन्यांनी आपले मोफत हिंदी मनोरंजन चॅनेल एकदम काढून घेतले. ते परत आले जून २०२०मध्ये. या प्रत्येक वेळी मेनू, इन्स्टॉलेशन, सर्च, ओके. ज्याला हे जमतं तो माणूस आजही गल्लीत भाव खातो. एकेकाळी नखाने चकती फिरवणाऱ्याचा तो वारस आहे.

दूरदर्शनचे जमिनीवरचे ॲनालॉग मनोरे मात्र हळूहळू थांबले. मार्च २०२२पर्यंत मोजके सोडून बाकीचे बंद करायचं ठरलं होतं. ज्या मनोऱ्यांच्या दिशेने सगळ्या गावाचे अँटेना वळलेले असायचे, त्यांचं जाणं बहुतेकांना कळलंही नाही.

एवढा खटाटोप कशासाठी झाला, याचं एक उत्तर तुमच्या हातात आहे. केबल वायरीतून येते, म्हणून तिच्या डिजिटल होण्याने हवेतली जागा मोकळी झाली नाही. तिथे प्रश्न मोजणीचा आणि पैशांचा होता. पण जगात ज्या देशांनी हवेतलं प्रक्षेपण डिजिटल केलं, त्यांना टीव्हीने अडवलेल्या लहरी मोकळ्या करून मोबाइल कंपन्यांना विकायच्या होत्या. अमेरिकेने ७०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या जुन्या टीव्ही लहरींचा लिलाव २००८मध्येच करून सुमारे १९ अब्ज डॉलर मिळवले, म्हणजे लोकांचे डबे बसण्याच्याही आधी. ब्रिटनने ८०० मेगाहर्ट्झचा पट्टा २०१३मध्ये ४जीसाठी विकला, मग ७०० मेगाहर्ट्झचा पट्टाही रिकामा करायला घेतला आणि त्यासाठी २०२०पर्यंत कित्येक घरांना पुन्हा रिट्यून करायला लावलं. या लहरी भिंती भेदून लांबवर जातात, म्हणून त्यांना एवढी किंमत. भारतातही ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा २०२२च्या ५जी लिलावात विकला गेला.

म्हणजे आजींची मालिका ज्या हवेतून यायची, त्या हवेत आता आपले रील्स आहेत. हे वाईट झालं असं म्हणायचं नाही. चित्र खरंच सुधारलं, चॅनेल वाढले, केबलचा हिशोब थोडा तरी उघडा झाला. पण फायदा सगळ्यांनी वाटून घेतला आणि पुन्हा शिकायचं ओझं मात्र ज्यांना ते सर्वांत जड होतं त्यांच्यावर पडलं. टीव्हीनंतर बँकेचं ॲप आलं, गॅसची नोंदणी आली, दवाखान्याची वेळ फोनवर आली. प्रत्येक वेळी घरातल्या कुणाचातरी जुना नंबर गेला आणि निळा पडदा उरला.

पुढच्या वेळी गावाकडून ‘टीव्ही दिसत नाही’ असा फोन आला, तर ‘एव्ही दाब’ एवढं सांगून ठेवून देऊ नका. व्हिडिओ कॉल लावा, रिमोटवर नेमकं कुठलं बटण ते दाखवा, आणि एका चिठ्ठीवर मराठीत लिहून घ्यायला सांगा. दहा मिनिटं लागतील. ब्रिटनमध्ये या कामासाठी सरकारने पैसे मोजून माणसं घरोघरी पाठवली होती.